घर, पायऱ्या आणि व्हीलचेअर: लाइफ सिम्युलेशन गेममधील अपंग पात्रे

लाइफ सिम्युलेशन या प्रकारातील व्हिडिओ गेममध्ये हार-जितीला फारसे महत्त्व नसते. पात्राला सकाळी उठवायचे, खायला घालायचे, कामावर पाठवायचे, त्याच्यासाठी घर बांधायचे, शेजाऱ्यांशी ओळखी वाढवायच्या आणि त्याचा रोजचा दिवस मार्गी लावायचा, एवढाच हा खेळ असतो. ‘द सिम्स’ ही या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध मालिका आहे. विल राइट यांच्या कल्पनेतून आणि मॅक्सिस या स्टुडिओतून तिचा पहिला भाग फेब्रुवारी २००० मध्ये आला. चौथा भाग सप्टेंबर २०१४ मध्ये आला आणि त्यात वर्षानुवर्षे नवी भर पडत राहिली. एरिक बॅरोन यांनी जवळपास एकट्याने घडवलेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा आणि गावगाड्याचा गेमही याच कुळातला म्हणता येईल.

लढाईच्या किंवा शर्यतीच्या गेममध्ये एखाद्या प्रकारचा माणूस दिसला नाही, तर ती उणीव चटकन लक्षात येत नाही. आयुष्य दाखवतो असे सांगणाऱ्या गेमला मात्र कोणाचे आयुष्य त्यात आहे आणि कोणाचे नाही, याचे उत्तर द्यावेच लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे १६ टक्के माणसे, म्हणजे साधारण १३० कोटी लोक, लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगतात. अपंगत्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे व्हीलचेअर किंवा पांढरी काठी येते, पण त्याचा आवाका बराच मोठा आहे. भारतात १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते, तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले. त्यांत अंधत्व आणि कर्णबधिरतेबरोबर स्वमग्नता, मानसिक आजार, पार्किन्सन, हिमोफिलिया आणि सिकल सेल यांचाही समावेश आहे. इतके वेगवेगळे अनुभव एका गेममध्ये कसे दाखवायचे, हा कलेचा प्रश्न आहे तितकाच तंत्राचाही आहे, आणि त्याची तांत्रिक बाजू सहसा कोणी समजावून सांगत नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक गोंधळ दूर करायला हवा. अपंग माणसाला गेम खेळता येणे आणि अपंग माणूस गेममध्ये दिसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीला सुगम्यता म्हणतात. मोठी अक्षरे, संवादांची उपशीर्षके, रंगांध व्यक्तींसाठी वेगळी रंगसंगती, हाताची हालचाल मर्यादित असलेल्यांसाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेला एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर ही तिची उदाहरणे. दुसऱ्या गोष्टीला प्रतिनिधित्व म्हणतात आणि हा लेख तिच्याविषयी आहे.

अपंगत्वाकडे पाहण्याच्या दोन प्रमुख दृष्टिकोनांची ओळख असल्याशिवाय पुढचा मुद्दा नीट कळणार नाही. वैद्यकीय दृष्टिकोनानुसार दोष शरीरात असतो, म्हणून शरीर दुरुस्त करणे हाच त्यावरचा उपाय ठरतो. सामाजिक दृष्टिकोन वेगळा प्रश्न विचारतो. बँकेच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत आणि व्हीलचेअरवरचा ग्राहक बाहेर अडकला आहे. त्याला नेमके कोणी अडवले, त्याच्या पायांनी की त्या पायऱ्यांनी? ब्रिटनमधील अपंग कार्यकर्त्यांच्या ‘युनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन’ या संघटनेने १९७६ मध्ये हा विचार ठामपणे मांडला आणि स्वतः व्हीलचेअर वापरणारे अभ्यासक माइक ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये त्याला ‘सामाजिक प्रारूप’ हे नाव दिले. या विचारालाही मर्यादा आहेत. पायऱ्यांच्या जागी उतार केला म्हणून सांधेदुखी थांबत नाही आणि दीर्घ आजारातला थकवाही जात नाही, हे अपंग अभ्यासकांनीच पुढे दाखवून दिले. तरीही कोणत्याही गेमची तपासणी करताना हे दोन दृष्टिकोन हाताशी असले, की गेम काय सांगतो आहे ते चटकन कळते.

आता ‘द सिम्स’ आतून कसा चालतो ते पाहू. पहिल्या भागातील प्रत्येक पात्राला, म्हणजे सिमला, आठ गरजा होत्या: भूक, आराम, स्वच्छता, शौचाची गरज, ऊर्जा, करमणूक, माणसांचा सहवास आणि भोवतालची खोली. चौथ्या भागात त्या सहा झाल्या. प्रत्येक गरजेची एक पट्टी असते आणि ती सतत रिकामी होत जाते. इथवरचे बहुतेक खेळाडूंना माहीत असते. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी, की फ्रिज कसा उघडायचा हे सिमला मुळी ठाऊकच नसते. ते ज्ञान फ्रिजमध्ये साठवलेले असते. घरातील प्रत्येक वस्तू आपण कोणती गरज किती भागवू शकतो, याची जणू घोषणा करत असते. सिम आपल्या रिकाम्या होणाऱ्या पट्ट्या पाहून आणि त्या वस्तूचे अंतर लक्षात घेऊन निवड करतो. एकदा निवड झाली, की दार कसे उघडायचे, हात कुठे न्यायचा, शरीर किती वाकवायचे या सगळ्या हालचाली त्या वस्तूच्या बाजूने येतात. या युक्तीमुळेच गेममध्ये दरवर्षी शेकडो नव्या वस्तूंची भर घालता येते, कारण त्यासाठी सिमला नव्याने काही शिकवावे लागत नाही.

या रचनेचा दुसरा भाग म्हणजे वाट. प्रत्येक वस्तू वापरण्यासाठी सिमला एका ठरावीक जागी उभे राहावे लागते आणि तिथपर्यंत मोकळा रस्ता असावा लागतो. तुम्ही सोफा फ्रिजच्या अगदी पुढ्यात ठेवलात तर सिम तिथे पोहोचू शकत नाही. मग तो जागच्या जागी थांबतो, हात हलवून तक्रार करतो आणि त्याच्या डोक्यावरच्या फुग्यात त्या अडलेल्या वस्तूचे चित्र दिसते. खेळाडू काय करतो? तो सिमला दोष देत नाही. घराच्या रचनेत चूक झाली हे त्याला लगेच समजते आणि तो सोफा सरकवतो.

मला हे छोटेसे दृश्य या साऱ्या चर्चेचे मर्म वाटते. वाट अडली तर घर बदलायचे, माणूस नव्हे, हा सामाजिक दृष्टिकोनाचा गाभा या मालिकेच्या यंत्रणेत पहिल्यापासून बसवलेला आहे. फक्त त्यात गृहीत धरलेले शरीर एकाच प्रकारचे आहे: दोन पायांवर उभे राहणारे, पायऱ्या चढणारे, हातभर रुंदीच्या फटीतून निघून जाणारे. त्याच यंत्रणेला दुसरे एखादे शरीर सांगता आले असते, ज्याला वळायला जास्त जागा लागते, ज्याच्यासाठी पायऱ्या ही वाट नसून भिंत आहे आणि ज्याचा हात ओट्यावरच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. मग एकच पात्र दोन घरांत ठेवून पाहता आले असते. उंबरे आणि अरुंद बोळ असलेल्या घरात त्याचा अर्धा दिवस अडून राहण्यात गेला असता. सपाट जमिनीच्या, रुंद दारांच्या आणि कमोडशेजारी पकडायला दांडा असलेल्या घरात तेच पात्र वेळेवर कामावर पोहोचले असते आणि संध्याकाळी मित्रांना जेवायलाही बोलावू शकले असते. पात्राचे शरीर दोन्हीकडे तेच, पण दिवस मात्र वेगळे. हे पुस्तकात वाचून जितके पटते, त्यापेक्षा स्वतः भिंत पाडून दार रुंद करताना जास्त पटेल आणि ही संधी घर बांधू देणाऱ्या गेमइतकी दुसऱ्या कोणत्याही माध्यमाला मिळालेली नाही.

प्रत्यक्षात ‘द सिम्स ४’च्या पहिल्या दहा वर्षांत पात्राला खरोखर वापरता येईल अशी व्हीलचेअर मूळ गेममध्येही आली नाही आणि अधिकृत एक्स्पान्शन पॅकमध्येही, म्हणजे वेगळ्या विकत घ्यायच्या पुरवणी भागांतही, आली नाही. याचे कारण केवळ अनास्था आहे असे म्हणणे तंत्रज्ञांवर अन्याय करणारे होईल. वर सांगितलेली युक्तीच इथे आडवी येते. हालचाली वस्तूंच्या बाजूने येत असल्यामुळे आणि त्या जवळपास सगळ्या उभ्या शरीरासाठी रेखाटलेल्या असल्यामुळे, व्हीलचेअर ही केवळ एक नवी खुर्ची म्हणून टाकली तर त्यात बसलेल्या सिमला फ्रिज उघडण्यासाठी आधी उठून उभे राहावे लागेल. ते टाळायचे तर फ्रिज, शेगडी, बेसिन, पुस्तकांचे कपाट, पियानो आणि दहा वर्षांत जमलेल्या हजारो वस्तूंसाठी बसून करायच्या हालचाली नव्याने रेखाटाव्या लागतील. दोन पात्रांनी मिळून करायच्या कृतींचा प्रश्न तर आणखी वेगळा आहे. मिठी मारताना एक जण उभा आणि दुसरा बसलेला असेल, तर उभ्याने वाकायला हवे. नाचताना अंतर बदलते. बाळाला उचलून घेताना हातांचा कोन बदलतो. व्हीलचेअरवरून पलंगावर किंवा कमोडवर सरकणे ही तर सराव लागणारी कृती आहे, आणि ती चुकीची दाखवली तर रोज ती करणाऱ्या माणसाला पहिल्या क्षणी कळते. जुन्या गृहनिर्माण सोसायटीत नंतर लिफ्ट बसवण्यासारखा हा प्रकार आहे: करता येते, पण पाया घालतानाच जागा सोडली असती तर जो खर्च झाला असता, त्याच्या कितीतरी पट खर्च येतो.

असे असले तरी याच गेममध्ये जानेवारी २०१७ मध्ये रांगती-चालती लहान मुले आली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कुत्री-मांजरे आली, मार्च २०२३ मध्ये तान्ही बाळे आली आणि जुलै २०२३ मध्ये घोडेही आले. या प्रत्येकासाठी नवे शरीर, नवी चाल आणि नवे नियम घडवावे लागले. ही तुलना पूर्णपणे जुळत नाही, हे मान्य करायला हवे, कारण तान्ह्या बाळाला शेगडी किंवा पियानो वापरायचा नसतो आणि व्हीलचेअरवरच्या प्रौढाला मात्र घरातले सगळेच वापरायचे असते. तरीही एवढे निश्चित म्हणता येते, की नवे शरीर आणणे या यंत्रणेला अशक्य नाही. कोणते शरीर आधी आणायचे हे ठरवताना अपंग माणसाचा क्रमांक घोड्यानंतर लागला, आणि हा तांत्रिक नाइलाज नसून प्राधान्यक्रम आहे.

व्हीलचेअर आणायचीच तर कोणती, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. चित्रकार सहसा इस्पितळातली व्हीलचेअर काढतात: रुंद, जड, मागे ढकलायला मुठी आणि दोन्ही बाजूंना मोठे हात असलेली. ती रुग्णाला एका विभागातून दुसऱ्या विभागात नेण्यासाठी असते. रोज स्वतः चाके फिरवणारी व्यक्ती, परवडत असेल तर, तिच्या शरीराच्या मापाने बनवलेली हलकी व्हीलचेअर वापरते. पहिली काढली तर आपण नकळत रुग्ण काढतो. दुसरी काढली तर स्वतःच्या कामाला निघालेला माणूस काढतो. चित्रात फरक थोडा दिसतो, पण पाहणाऱ्याच्या मनात उमटणारी कथा पूर्ण बदलते.

जे प्रत्यक्षात आले, त्याचीही नोंद घ्यायला हवी. ३१ जानेवारी २०२३ रोजी ‘द सिम्स ४’च्या मोफत अपडेटमध्ये श्रवणयंत्रे आणि रक्तातील साखर मोजणारे, अंगावर लावून ठेवायचे मॉनिटर आले. श्रवणयंत्र एका कानाला किंवा दोन्ही कानांना लावता येते, निरनिराळ्या रंगांत मिळते आणि लहान मुलांच्या पात्रांनाही बसते. गेमच्या नियमांवर या वस्तूंचा काहीही परिणाम होत नाही. श्रवणयंत्र काढले म्हणून सिमला कमी ऐकू येत नाही आणि मॉनिटर लावलेल्या सिमला मधुमेह आहे असे गेम मानत नाही. यावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. काहींच्या मते हा केवळ दागिना झाला. दुसऱ्यांच्या मते कानात यंत्र घालून शाळेत जाणाऱ्या मुलीला पडद्यावर तसेच पात्र बनवता येणे आणि त्या पात्राला त्यासाठी कोणतीही किंमत मोजावी न लागणे, यातच त्याचे मोल आहे. मला दुसरे मत जास्त पटते, कारण दिसणे ही पहिली पायरी असते आणि ती क्षुल्लक मानण्याचा अधिकार ज्यांना ती कायम मिळत आली आहे त्यांना नाही. पण तिथेच थांबायचे कारण नाही. सिम्सची भाषा कोणत्याच देशाची नाही. तिला सिमलिश म्हणतात, तिचे शब्द कोणालाच कळत नाहीत आणि आशय फुग्यांतील चित्रांवरून आणि हातवाऱ्यांवरून समजतो. ज्या गेममध्ये संवादच चित्रांवर आणि हातांवर चालतो, तिथे खुणांच्या भाषेत बोलणारी पात्रे आणणे व्हीलचेअरपेक्षा सोपे ठरावे, असे मला वाटते.

दिसण्याच्या पुढे जाऊन अपंगत्वाला गेमच्या नियमांत आणायचे ठरवले, की खरी कसरत सुरू होते. यंत्रणा हाताशी आहेच. काही स्वभाववैशिष्ट्यांमुळे सिमची एखादी पट्टी लवकर रिकामी होते, जसे खादाड सिमची भुकेची. तोच आकडा ऊर्जेच्या पट्टीला लावला, की दीर्घ आजारातला थकवा तयार झाला, असे वाटू शकते. पण नुसता आकडा वाढवला तर अपंगत्व म्हणजे अवघड पातळी, म्हणजेच शिक्षा, असा अर्थ होतो. थकव्यासह जगणारी माणसे दिवसभर पट्टी रिकामी होताना बघत बसत नाहीत. ती आखणी करतात. संध्याकाळी समारंभ असेल तर दुपारी झोपतात, स्वयंपाक स्टुलावर बसून करतात, एखाद्या दिवशी अंघोळीऐवजी अंग पुसून घेतात, आणि कोणाला काय सांगायचे व काय नाही हेही ठरवतात. लाइफ सिम्युलेशन हा मुळात वेळ आणि शक्ती यांच्या आखणीचाच खेळ आहे, म्हणून खेळाडूच्या हाती ही आखणी दिली, तर तोच आकडा शिक्षा न राहता जगण्याची एक रीत होतो. याच्या जोडीला निवडीचे स्वातंत्र्यही हवे. अनेक अपंग खेळाडू दिवसभराच्या वेदनेतून सुटका म्हणून गेम उघडतात आणि त्यांना तिथे पुन्हा वेदना नको असते. इतरांना आपले आयुष्य जसेच्या तसे हवे असते. म्हणून वस्तू, हालचाल आणि गरजांवरचा परिणाम हे तीन पर्याय एकमेकांपासून वेगळे ठेवायला हवेत.

गेमचे नियम नकळत काय शिकवतात, याचे एक उदाहरण म्हणजे आजारपण. २०१५ च्या ‘गेट टू वर्क’ या पॅकमध्ये डॉक्टरचा व्यवसाय आला आणि त्याबरोबर लामा फ्लूसारखे गमतीदार आजारही आले. सिमच्या अंगावर विचित्र चट्टे उठतात, डॉक्टर निदान करतो, औषध दिले की सगळे पूर्ववत होते. गंमत म्हणून हे ठीकच आहे. पण शरीरात काही वेगळे असण्याचा एवढाच नमुना गेममध्ये असेल, तर जे शरीर कधीच पूर्ववत व्हायचे नाही आणि ज्याला व्हायची गरजही नाही, त्याच्यासाठी गेमकडे शब्दच उरत नाहीत. मानसिक आजाराच्या बाबतीत जुना इतिहास याहून वाईट आहे. ‘द सिम्स ३’ या २००९ च्या भागात ‘वेडा’ या अर्थाचे एक स्वभाववैशिष्ट्य होते. तो सिम स्वतःशी बडबडतो आणि पोहण्याच्या तलावात गळ टाकून मासे धरायला बसतो, असे त्यात दाखवले होते. चौथ्या भागातही ते त्याच नावाने आले आणि नंतर कधीतरी त्याचे नाव बदलून ‘लहरी’ या अर्थाचा शब्द ठेवण्यात आला. नाव बदलले हे बरे झाले. हसण्यासाठी उभे केलेले ते वागणे मात्र बरेचसे तसेच राहिले.

‘स्टारड्यू व्हॅली’ने वेगळा मार्ग घेतला. तिथे खेळाडूला स्वतःच्या पात्रासाठी व्हीलचेअर निवडता येत नाही, पण गावात जॉर्ज नावाचा म्हातारा आहे. खाणीतल्या अपघातानंतर तो व्हीलचेअर वापरतो. बायको एव्हलिन आणि नातू अ‍ॅलेक्स यांच्याबरोबर राहतो, दिवसाचा बराच वेळ टीव्हीसमोर घालवतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसतो. चिडका, कडवट अपंग हा कथा-कादंबऱ्यांतला फार जुना साचा आहे आणि जॉर्ज पहिल्या भेटीत त्याच साच्यातला वाटतो. पण पेनी या तरुणीशी खेळाडूची थोडी ओळख झाली, की एक प्रसंग घडतो. जॉर्ज घराबाहेरच्या टपालपेटीतून पत्र काढायला धडपडत असतो. पेनी येते, मदत करते म्हणते, त्याची व्हीलचेअर बाजूला सरकवते आणि पत्र काढून देते. जॉर्ज संतापतो. मला स्वतःला जमले असते आणि मला असे ढकलायला तुला कोणी सांगितले, असा त्याचा सूर असतो. हे सगळे पाहणाऱ्या खेळाडूला मग मत द्यावे लागते. पेनीने चांगलेच केले असे म्हणता येते, किंवा तिने आधी विचारायला हवे होते असेही म्हणता येते. पुढे जॉर्ज नरमतो आणि रागावल्याबद्दल दिलगिरीही व्यक्त करतो.

या प्रसंगात काय साधले आहे ते नीट पाहण्यासारखे आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठी ती शरीराचाच भाग असते आणि न विचारता ती हलवणे म्हणजे एखाद्याला खांद्याला धरून बाजूला सारणे. अपंग माणसे हे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. बसमध्ये, देवळाच्या दारात, रेल्वेच्या फलाटावर सद्‌भावनेने धावून येणाऱ्या हातांना मात्र ते उमगत नाही. इथे पेनी दुष्ट नाही, जॉर्ज संत नाही आणि आधी विचारायला हवे होते हे वाक्य गेमने खेळाडूच्या तोंडी ठेवले आहे. जॉर्जच्या माफीमुळे प्रसंग थोडा मवाळ होतो आणि शेवटी मदत करणाऱ्याचाच चांगुलपणा अधोरेखित होतो, ही त्यातली उणीव मला जाणवते. पण त्याचा राग रास्त असू शकतो, एवढी शक्यता तरी गेमने खुली ठेवली. याच गावात केंट नावाचा सैनिक दुसऱ्या वर्षी युद्धावरून परत येतो. बायको कौतुकाने पॉपकॉर्न करायला घेते आणि दाणे फुटण्याच्या आवाजाने त्याला रणांगण आठवते. त्याच्या अंगावर कोणतीही खूण नाही, व्हीलचेअर नाही, यंत्र नाही. न दिसणारे अपंगत्व काही चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांत आणि स्वयंपाकघरातल्या एका आवाजात दाखवता येते, हे त्यातून सिद्ध होते.

भारतीय वाचकांसाठी या चर्चेला कायद्याची एक बाजूही आहे. एका हिंदी चित्रपटातील चित्रणाविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी निकाल दिला आणि दृश्य माध्यमांनी अपंग व्यक्तींचे चित्रण कसे करावे याची काही तत्त्वे घालून दिली. अपंग व्यक्तींना खाली ओढणारा विनोद आणि अपंगत्वाविषयी समज वाढवणारा विनोद यांत न्यायालयाने फरक केला. अपंग माणसाला एकतर दयेचा विषय करणे किंवा अचाट पराक्रम गाजवणारा असामान्य पुरुष करणे, या दोन्ही टोकांपासून निर्मात्यांना सावध केले. आमच्याविना आमच्याबद्दल काहीही नको, या अपंग चळवळीच्या घोषणेचा आधार घेऊन लेखनाच्या आणि निर्मितीच्या टप्प्यावर अपंग व्यक्तींचा सहभाग असावा, असेही म्हटले. निकाल चित्रपटांविषयीचा आहे, पण पुण्या-मुंबईत किंवा बंगळुरूत गेम घडवणाऱ्या चमूंनी तो वाचावा असे मला वाटते. पराक्रमी अपंगाचा मुद्दा तर लाइफ सिम्युलेशनला विशेष लागू पडतो. ऑस्ट्रेलियातील अपंग हक्क कार्यकर्त्या आणि विनोदकार स्टेला यंग यांनी २०१४ मधील आपल्या गाजलेल्या भाषणात, अपंगांनी केवळ अंथरुणातून उठल्याबद्दल त्यांना प्रेरणास्थान ठरवण्याच्या सवयीवर कडक टीका केली होती. ज्या गेममध्ये सगळीच पात्रे सामान्य आहेत, सगळ्यांच्या भाज्या करपतात आणि सगळ्यांची बिले थकतात, तिथे अपंग पात्राला सामान्य राहू देणे सहज शक्य आहे. त्यासाठी अपंग सल्लागार हवेत आणि ते आराखड्याच्या पहिल्या बैठकीपासून हवेत. चित्रे पूर्ण झाल्यावर बोलावलेला सल्लागार रंग बदलू शकतो, हालचाली बदलू शकत नाही.

अधिकृत गेममध्ये जे नसते, ते खेळाडू स्वतः घडवतात. खेळाडूंनी घातलेल्या अशा भरीला मॉड म्हणतात. काठ्या, कुबड्या, कृत्रिम अवयव, व्हीलचेअर असे बरेच काही हौशी निर्मात्यांनी ‘द सिम्स ४’साठी तयार केले आहे, त्यांत स्वतः अपंग असलेलेही अनेक जण आहेत, आणि हे काम बहुतांश विनामूल्य झाले आहे. पण त्यावर विसंबून राहता येत नाही. गेमचा प्रत्येक मोठा अपडेट आला, की मॉड आपोआप बंद केले जातात, त्यांतले काही बिघडतात आणि निर्मात्याने दुरुस्ती करेपर्यंत थांबावे लागते. म्हणजे सर्वांची पात्रे चालत राहतात आणि व्हीलचेअरवरचे पात्र तेवढे अडकते. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर तर या गेमसाठी मॉड लावताच येत नाहीत, त्यामुळे तिथल्या खेळाडूला कंपनी जे देईल तेवढेच मिळते. पैशाचा प्रश्नही इथेच येतो. ‘द सिम्स ४’चा मूळ गेम ऑक्टोबर २०२२ पासून मोफत आहे आणि कंपनीची कमाई विकत घ्यायच्या पॅकमधून होते. श्रवणयंत्रे आणि मॉनिटर मोफत अपडेटमध्ये आले, हा निर्णय म्हणूनच महत्त्वाचा होता. कधी व्हीलचेअर आली, उतार आले, खुणांची भाषा आली, तर तेही मूळ गेममध्येच यायला हवे, कारण शेजाऱ्याला जे शरीर फुकट मिळते, तसे स्वतःचे शरीर मिळवण्यासाठी कोणाला वेगळे पैसे मोजायला लावणे योग्य होणार नाही.